एकोणीस शिफ्टचं ब्लेड

गुण्या हे त्याचं खरं नाव नव्हे. सुतार-गवंडी काटकोन तपासायला जे हत्यार वापरतात त्याला गुण्या म्हणतात. यानं बँडसॉवर कापलेल्या तुकड्याला ते हत्यार लावावं, तर मधून उजेडाची रेघसुद्धा दिसायची नाही. म्हणून कुणीतरी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. हजेरीपुस्तकात दुसरं काहीतरी होतं, पण ते पुकारलं की तोच मागे वळून बघायचा, कुणाला बोलावतायत म्हणून.

मी त्याच्या शेजारचा लेथवाला. आमच्या शेडमध्ये पोलादाचे गोल बार यायचे, वीस-वीस फुटी, काही मनगटाएवढे, काही मांडीहून जाड. कापायला दोन बँडसॉ होते. एकावर गुण्या, दुसऱ्यावर मामा. मामा कुणाचाच मामा नव्हता. सगळ्यांत जुना माणूस, म्हणून मामा. ते दोघं मापाचे तुकडे कापायचे आणि तोंडं सपाट करायला ते माझ्या लेथवर यायचे.

बँडसॉचं ब्लेड म्हणजे दोन बोटं रुंद पोलादी पट्टी, टोकाला टोक जोडलेली, दोन मोठ्या चाकांवरून सतत फिरणारी. एका कडेला दाते. ब्लेड नवं असलं की मांडीएवढा बार नऊ मिनिटांत दोन होतो आणि खाली कुरळा कुरळा कीस पडतो. दाते बोथट झाले की तोच बार पंधरा मिनिटं खातो, मग वीस. ब्लेड ओरडायला लागतं आणि वाटही चुकतं. वरून सरळ निघालेला काप खाली पोचेपर्यंत तिरका झालेला असतो.

गुण्याला हे कानानं कळायचं. त्याच्या बायकोलाही कळायचं, कारण ती राहायची त्या खोल्यांची मागची भिंत आणि आमच्या शेडची भिंत यांच्यात जेमतेम एक बोळ होता. कंपनीच्याच दोन खोल्या. भाडं नाही, पण नोकरी तोवर खोली. स्वयंपाकघराला एक खिडकी होती, ती शेडच्या पत्र्याकडे उघडायची. वहिनी म्हणायची, "तुमच्या दादांचं ब्लेड बिघडलं की माझी भाजी करपते. लक्षच लागत नाही."

सगळं सुरू झालं ते सहा आठवड्यांच्या टंचाईपासून. ब्लेडांचा माल वाटेत कुठेतरी अडकला. स्टोअरमध्ये शिल्लक ब्लेडं तीन. त्यातलं एक मामाच्या मशीनवर दुसऱ्याच दिवशी तुटलं, राहिली दोन, दोन्ही गुण्याच्या मशीनसाठी. ऑर्डरी मात्र डोंगराएवढ्या. मालक स्वतः शेडमध्ये आले आणि गुण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता सगळं तुझ्यावर आहे."

माणसाला आयुष्यात असं एकदाच कुणी म्हणतं. गुण्या पेटला. वेग कमी केला, दाब कमी केला, थंड करायचं ते दुधाळ पाणी घट्ट कालवलं, दात्यांत अडकणारा कीस ब्रशनं काढत बसला, घरी जाताना ब्लेडचा ताण सैल करून जायला लागला. तान्ह्या पोराला जपतात तसं जपलं. एरवी ब्लेड आठ-नऊ शिफ्ट चालायचं. गुण्यानं एकेक ब्लेड एकोणीस शिफ्ट चालवलं, आणि काप शेवटपर्यंत सरळ.

माल आला, टंचाई संपली. मालकांनी सगळ्यांसमोर गुण्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मामानं सर्वांत जोरात वाजवल्या.

पुढच्याच महिन्यात खरेदीला नवे साहेब आले. तरुण, नीटनेटके, उगाच ओरडणारे नव्हेत. त्यांनी जुनी कागदपत्रं चाळली आणि त्यांना तो आकडा सापडला. दोन दिवसांत स्टोअरच्या दारावर फळा लागला: एका ब्लेडला एकोणीस शिफ्ट. त्याआधी नवं मिळणार नाही. आधी तुटलं तर लेखी खुलासा, आणि अर्धी किंमत पगारातून.

मामाचं ब्लेड अकराव्या शिफ्टला तुटलं. पुढचं बाराव्या शिफ्टला. दोन्ही वेळा पैसे कापले गेले. मामाला राग साहेबांचा यायला हवा होता, पण साहेब वर काचेच्या खोलीत बसायचे आणि गुण्या शेजारी उभा असायचा.

"दात कोरून पोट भरत नाही रे," मामा डबा उघडत म्हणाला. "पण ह्यांना कोण सांगणार? तू? तूच तर कोरून दाखवलेस."

त्या दिवसानंतर मामा डबा घेऊन बाहेर क्रेनच्या खांबाजवळ बसायला लागला. एकटाच.

गुण्या वर गेला. जाताना मला म्हणाला, "सांगून टाकतो." दहा मिनिटांत खाली आला. काय झालं ते त्यानं मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं.

"साहेब, एकोणीस होत नाहीत."

"तुम्हीच केलेत ना? की दुसऱ्या कुणी केले?"

"मीच केले. पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळं होतं?"

गुण्यानं नुसतं काचेतून खाली मशीनकडे बघितलं.

साहेब हसून म्हणाले, "घड्याळ घेताना नव्हतं वाटतं वेगळं?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. होत नाही म्हणावं तर आपणच करून दाखवलेलं. होतं म्हणावं तर मामाचा पगार कापला जातोय.

मग गुण्यानं एक मार्ग काढला, आणि तोच त्याला आणखी आत घेऊन गेला. मामाचं ब्लेड सात-आठ शिफ्ट जुनं झालं की तो गुपचूप अदलाबदल करायचा. स्वतःचं बरं ब्लेड मामाला, मामाचं झिजलेलं स्वतःला. मामा नको म्हणाला नाही, आणि आभारही मानले नाहीत. होता होता शेडमधलं प्रत्येक बोथट ब्लेड शेवटी गुण्याच्या मशीनवर यायला लागलं, कारण बोथट ब्लेड चालवणं फक्त त्यालाच जमायचं. नऊ मिनिटांचा काप चोवीस मिनिटांवर गेला. दिवसाचं टनेज भरायला तो भोंगा व्हायच्या आधी यायचा आणि भोंगा झाल्यावरही मशीनपाशीच असायचा. त्याचा जादा पगार नव्हता. मागितला असता तर ब्लेड बिघडल्याचं कबूल करावं लागलं असतं.

आणि आता त्यालाही सगळे काप सरळ ठेवणं जमेना. तुकडे माझ्याकडे यायचे ते दोन मिलिमीटर तिरके, कधी चार. आधी मापापेक्षा दोन मिलिमीटर जास्त ठेवून कापायचा, आता सहा ठेवायला लागला. ते जास्तीचं पोलाद मी लेथवर सोलून भंगारात टाकायचो. एका तुकड्याला माझी चार मिनिटं जायची, तिथं अकरा जायला लागली. मी कुणाला बोललो नाही. मित्राची चूक झाकली पाहिजे एवढंच मला कळत होतं. माझ्या लेथची कापायची टूलं लवकर संपतात म्हणून मला दोनदा बोलणी बसली, ती मी खाल्ली.

घरी वहिनी म्हणाली, "सोडा ना हे. दुसरीकडे काय मशीनं नाहीत?"

"खोली?"

"शोधू."

"पोरीची शेवटची परीक्षा?"

"ती म्हणते मी कुठूनही देईन."

पोर खरंच तसं म्हणाली होती. मग वहिनीच्या भावानं, म्हणजे मेहुण्यानं, चार तासांवरच्या गावात एका कारखान्यात शब्द टाकला. गुण्यानं आजारपणाची रजा काढली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेला. शेड मोठी, मशीनं नवी, पगार बरा. तिथले मालक उठून उभे राहिले, चहा मागवला. गुण्याला वाटलं, सुटलो.

"तुमचं नाव ऐकून आहोत," ते मालक म्हणाले. "एका ब्लेडवर एकोणीस शिफ्ट काढणारे तुम्हीच ना? आमचे लोक दहाव्याला हात वर करतात. तुम्ही आलात की त्यांनाही शिकवा."

गुण्यानं चहा पूर्ण प्यायला. कप बशीत ठेवला. "कळवतो," म्हणाला, आणि परत आला. बसमध्ये मेहुणा विचारत राहिला, "अहो दाजी, बिनसलं कुठे? सगळं जुळलं होतं!" गुण्यानं खिडकीतून बाहेर बघितलं ते उतरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला लेथच्या मागे गाठलं. तोंड उतरलेलं होतं, पण आवाज शांत होता.

"तू माझे तिरके काप झाकतोस ना?"

"मग काय करू? वर नेऊन दाखवू?"

"हो. दाखवायचेच आहेत. काल घरी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही दोघं मिळून झाकता म्हणून वर कुणाला दिसत नाही. खरंय तिचं." त्यानं आपल्या मशीनकडे बोट केलं. "उद्या माझ्या मशीनवर नवं ब्लेड चढतंय. हे मी जपणार नाही. बिघडवणारही नाही. आठ तास, ठरलेला वेग, ठरलेला दाब, भोंगा झाला की घरी. जसं कापेल तसं कापू दे."

भंगारातून आम्ही मांडीएवढ्या बारचा दोन फुटी तुकडा घेतला. रोज शिफ्ट संपताना गुण्या त्याची एक चकती कापायचा, बोटभर जाडीची. कापायच्या आधी मी त्या तुकड्याचं तोंड लेथवर सपाट करून द्यायचो, म्हणजे चकतीची एक बाजू खात्रीनं सरळ. दुसरी बाजू ब्लेड ठरवणार. चकतीवर तो खडूनं लिहायचा: कितवी शिफ्ट, किती मिनिटं. त्या दिवशीच्या तुकड्यांना लेथवर किती वेळ लागला, ते मी खाली लिहायचो. चकत्या मशीनमागच्या भिंतीला टेकून ठेवायच्या. मामा रोज येता-जाता बघायचा.

पहिली चकती नऊ मिनिटांची. चौथी दहा. आठवी बारा. त्यानंतर उतरण लागली. अकरावी सतरा मिनिटं, आणि तिची एक कड दुसरीपेक्षा जाड, नुसत्या डोळ्यांनी दिसेल एवढी. टनेज घसरलं. साहेबांची चिठ्ठी आली: उत्पादन का कमी? दुसरी चिठ्ठी आली, तिच्यात खोलीचा उल्लेख होता. कामात सुधारणा नसल्यास निवासाचा फेरविचार करण्यात येईल. वहिनीनं ती चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि डब्यात ठेवली. त्या आठवड्यात तिनं ट्रंका माळ्यावरून खाली काढून झटकल्या. "निघायचं झालं तर धूळ कशाला न्यायची," म्हणाली. गुण्या मला म्हणाला, "दोन रात्री झोपलो नाही. ट्रंका दिसतात."

तेराव्या शिफ्टला त्याचा हात दाबाच्या चाकाकडे गेलेला मी पाहिला. एवढासा फिरवला असता तर काप सुधारला असता, हे त्याला कळत होतं, मला कळत होतं. पंचवीस वर्षांची सवय. त्यानं हात खिशात घातला आणि उभा राहिला. ब्लेड ओरडत होतं. असं वाकडं कापताना बघणं त्याला किती जड गेलं असेल! कपाळावर घाम होता, आणि अंगाला काही काम नव्हतं.

सतराव्या शिफ्टला, दुपारी, ब्लेड तुटलं. बारच्या मध्यावर. आवाज असा झाला की बोळापलीकडून वहिनी धावत शेडच्या दारापर्यंत आली. कुणाला लागलं नव्हतं. तुटलेली पट्टी अर्ध्या कापलेल्या बारमध्ये अडकून राहिली होती, मागे येईना की पुढे जाईना.

वरून निरोप आला: खुलासा घेऊन वर या.

गुण्यानं निरोप आणणाऱ्या शिपायाला सांगितलं, "साहेबांना म्हणावं, खुलासा जड आहे. उचलून आणता येत नाही. त्यांनीच खाली यावं. आणि मालकांनाही आणावं."

शिपायानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जा, तसंच सांग."

पाऊण तास कुणी आलं नाही. तेवढ्या वेळात आम्ही सोळा चकत्या भिंतीपासून ओळीनं जमिनीवर मांडल्या. शेवटच्या तीन मामानं आणून ठेवल्या. न सांगता.

मालक आले, मागून साहेब. मालक पहिल्या चकतीपासून चालत गेले, वाकून खडूचे आकडे वाचत. नऊ, नऊ, दहा. पुढे पुढे ते हळू चालायला लागले. सोळाव्या चकतीवर सव्वीस लिहिलं होतं. त्यांनी ती उचलून आडवी धरली. एक कड बोटभर, दुसरी पाऊण बोट.

"हे कुणी केलं?"

"ब्लेडनं," गुण्या म्हणाला. "मी नुसता उभा होतो."

मग मी बोललो. किती जास्तीचं पोलाद ठेवावं लागतं, किती सोलून टाकतो, किती मिनिटं जातात. हे सगळं मी महिनोन् महिने दडवलं होतं, तेही सांगावं लागलं. मालकांनी साहेबांना हिशेब करायला सांगितला. साहेबांनी तिथंच मोबाइलवर केला, पुन्हा केला. प्रामाणिक माणूस होता. आकडा लपवला नाही. शेवटच्या सात-आठ शिफ्टमध्ये नुसतं भंगारात गेलेलं पोलादच दोन नव्या ब्लेडांच्या किमतीचं होतं. माझी मिनिटं, वीज, गुण्याचा वेळ, ते निराळंच.

"पण मग," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, "तेव्हा एकोणीस झाले कसे? कागदावर आहेत. माल पण सरळ गेलाय."

गुण्यानं मामाकडे पाहिलं.

"झाले नाहीत," तो म्हणाला. "मी सकाळी दोन तास आधी यायचो आणि संध्याकाळी तीन तास थांबायचो. दाब एवढा कमी ठेवायचो की आठ तासांत पाच तासांचंच काम व्हायचं. उरलेलं त्या पाच तासांत. कागदावर शिफ्ट एकच लिहायचो. कुणी विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही. मालकांनी खांद्यावर हात ठेवला होता. मला वाटलं, एवढं एकदा मिरवून घ्यावं."

मामाच्या तोंडून शिवी निघाली. मालकांसमोर. मग तो हसला, मग पुन्हा शिवी दिली. "दोनदा पगार कापला माझा," तो म्हणाला. "तुझ्या मिरवण्यापायी." गुण्यानं मान खाली घातली. मला वाटलं होतं, मामा आता त्याला मिठी मारेल. तसं काही झालं नाही. मामा आपल्या मशीनकडे गेला आणि त्यानं ती सुरू केली.

फळा पुसला गेला. नवा आकडा आला: दहा शिफ्ट, आणि कठीण पोलाद असेल तर सात. मामाचे कापलेले पैसे दोन हप्त्यांत परत मिळाले. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. वहिनीनं ट्रंका वर ठेवल्या नाहीत, पलंगाखाली सारल्या.

आणि गुण्याला मालकांनी बढती दिली. कुठलं ब्लेड कधी उतरवायचं हे यापुढे तो ठरवणार. स्टोअरच्या कोपऱ्यात तारेच्या जाळीची खोली आहे, तिथं त्याला टेबल-खुर्ची मिळाली, एक भिंग मिळालं आणि महिन्याला ठरावीक ब्लेडं. बँडसॉवर दुसरा माणूस आला. पहिल्या आठवड्यात गुण्या जाळीला बोटं अडकवून मशीनकडे बघत बसायचा. आवाज ऐकून मध्येच उठायचा आणि पुन्हा बसायचा, कारण मशीन आता त्याचं नव्हतं. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं तर खोली.

एका दुपारी मामा आठव्या शिफ्टचं ब्लेड गुंडाळून जाळीशी आला.

"बदल."

गुण्यानं हातमोजे घातले, पट्टी टेबलावर पसरली, भिंगातून दाते पाहिले. बराच वेळ पाहिले. महिन्याची ठरलेली ब्लेडं संपली होती, आणि महिना संपायला नऊ दिवस होते.

"अजून दोन शिफ्ट चालेल, मामा."

मामानं ब्लेड उचललं. मशीनकडे जाताना त्याची पाठ मला दिसली आणि गुण्यालाही दिसली असणार.

तासाभरात गुण्या स्वतः पुढच्या महिन्याच्या वाट्यातलं नवं ब्लेड घेऊन बाहेर आला. दोघांनी मिळून ते चढवलं, ताण बघितला, पहिले काप हलक्या दाबानं काढले. एकमेकांशी फक्त "धर" आणि "सोड" एवढंच बोलले. काम संपल्यावर वरून बोलावणं आलं. गुण्या उतरवलेलं ब्लेड गुंडाळून खांद्यावर टाकून जिना चढून गेला.

अर्ध्या तासानं खाली आला. मी लेथ बंद केला.

"काय म्हणाले?"

"महिन्याला दोन ब्लेडं जास्त गेली, तर जागा दुसऱ्याला."

"मग?"

"या महिन्यात एक जास्त गेलंय," गुण्या म्हणाला, आणि जाळीचं दार लोटून आत गेला.